ओसाड पडलेल्या जुन्या चर्चचं ड्रोननं चित्रीकरण करायचं आहे. नागपुरात राहतो, सुरुवात कुठून करू?

तुमच्याकडे लहान ड्रोन आहे, नागपुरात राहता आणि सुरुवात कुठून करावी असं विचारलंय. मी काही वर्षं हेच करतोय, म्हणून आधी स्पष्ट सांगतो: नागपुरात करू नका.

एक तर इथली जुनी चर्च ओसाड नाहीत. सदरमधलं ऑल सेंट्स कॅथेड्रल घ्या नाहीतर सेंट फ्रान्सिस डी सेल्सचं, दोन्हीकडे माणसं प्रार्थनेला जातात. आणि शहरावरचं आकाश फारसं मोकळं नाही. सोनेगावचा विमानतळ, वायुसेनानगर, सीताबर्डीचा किल्ला, अंबाझरीची आयुध निर्माणी, पलीकडे १८२१ साली वसलेली कामठीची छावणी. इंग्रजांच्या काळातली चर्च फौजेच्या आसपासच उभी राहिली आणि फौज अजून तिथंच आहे. २०२१ च्या ड्रोन नियमांप्रमाणे २५० ग्रॅमपर्यंतच्या नॅनो ड्रोनला पायलटचं प्रमाणपत्र लागत नाही. २ किलोपर्यंतच्या मायक्रोलाही नाही, पण वापर धंद्यासाठी नसेल तरच. मात्र प्रमाणपत्र नको म्हणजे कुठंही उडवायला मोकळीक, असं नाही. सरकारी नकाशावरच्या लाल क्षेत्रात केंद्र सरकारच्या परवानगीशिवाय नॅनोसुद्धा उडवता येत नाही. डिजिटल स्काय या सरकारच्या ड्रोनसाठीच्या संकेतस्थळावर तो नकाशा उघडा, शहराबाहेर हिरव्या भागातलं ओळखीच्या माणसाचं शेत शोधा आणि तिथं हात बसवा. मे महिन्यात दुपारी मात्र नको. बहुतेक लहान ड्रोन ४० अंशांपर्यंतच्या तापमानासाठी बनवलेले असतात आणि आपलं ऊन तिथं थांबत नाही.

आता मूळ गोष्ट. पहिल्यांदा मी वसईच्या किल्ल्यात गेलो तो ड्रोन घेऊनच. परवानगीची चौकशीही केली नव्हती. पहारेकऱ्यानं अडवलं आणि त्याचं बरोबर होतं: किल्ला पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणाखाली आहे, ड्रोनसाठी आधी लेखी परवानगी लागते. ड्रोन पिशवीतच राहिला आणि मी दोन-तीन तास नुसता पायी फिरलो. आतल्या पडक्या चर्चच्या छप्पर नसलेल्या भिंती, कमानींच्या भेगांतून उगवलेली झाडं, पायाखाली पोर्तुगीज अक्षरं कोरलेले थडग्यांचे दगड. फिरता फिरता लक्षात आलं की चर्चची इमारत खालून वर बघण्यासाठी बांधली आहे. माणसानं दारातून आत यावं, मान वर करावी, हाच बांधणाऱ्यांचा हेतू. ती नजर ड्रोन देऊ शकत नाही. ते काम ट्रायपॉडवरच्या साध्या कॅमेऱ्याचं.

मग ड्रोन कशाला? माझ्या मते एकाच कामासाठी: चर्च ओसाड का पडलं, ते दाखवायला. ते कारण बहुतेक वेळा भिंतींच्या बाहेर असतं आणि जमिनीवरून दिसत नाही. वसईत वर गेलं की तटबंदी, खाडी आणि तटाच्या आतलं अख्खं पोर्तुगीज गाव एका चौकटीत येतं. १७३९ साली चिमाजी आप्पांनी किल्ला घेतला तेव्हा नुसता एक बुरूज पडला नव्हता, एक शहर संपलं होतं, हे तिथून कळतं. जुन्या गोव्यातला सेंट ऑगस्टीनचा ४६ मीटरचा मनोरा खालून प्रचंड वाटतो. वरून बघितला की आसपास दाट झाडी दिसते आणि त्याच्या भोवतीचं शहरच उठून गेलंय हे समजतं. रामेश्वरमजवळच्या धनुष्कोडीच्या चर्चचं तर काही सांगावंच लागत नाही. दोन्हीकडे समुद्र दिसला की ते गाव उद्ध्वस्त करणारं १९६४ चं चक्रीवादळ आपोआप समोर येतं.

म्हणून चर्चभोवती गोल गोल घिरट्या घालू नका. एकच संथ, सरळ चाल ठेवा: भिंतीपासून सुरू करा, मागे आणि वर सरकत जा आणि जिथं कारण दिसेल तिथं थांबा. सेकंदाला २५ फ्रेमवर चित्रित करत असाल तर शटर १/५० सेकंदाच्या आसपास ठेवा. त्यासाठी एनडी फिल्टर, म्हणजे भिंगावर लावायची प्रकाश कमी करणारी गडद काच, लागेल.

छप्पर नाही म्हणून आत ड्रोन घालायचा मोह होतो. नका घालू. उंच भिंतींमध्ये उपग्रहांचा सिग्नल तुटतो आणि ड्रोनला आपोआप परत आणणारी ‘घरी परत’ची सोय सुरू झाली तर ड्रोन आधी सरळ वर चढतो, म्हणजे थेट कमानीत. पंख्यांच्या वाऱ्यानं सुटलेला चुना खाली पडतो, तो पुन्हा कुणी लावणार नाही. घार मागे लागली तर खाली पळवू नका, वर चढवा. ती झडप वरून घालते.

आणि ओसाड म्हणजे बेवारस नव्हे. वसईच्या आसपास आजही मोठा ख्रिस्ती समाज आहे. त्यांचे पूर्वज याच वेदीसमोर उभे राहिले असतील. गावात विचारा, थडग्यांवर सामान मांडू नका.

माझं ऐकाल तर पहिला प्रवास कर्नाटकात हसनजवळच्या शेट्टीहळ्ळीचा करा. फ्रेंच मिशनऱ्यांनी १८६० च्या दशकात बांधलेलं हे चर्च गोरूरच्या धरणामुळे हेमावतीच्या फुगवट्यात आलं. पावसाळ्यात अर्धं बुडतं, उन्हाळ्यात कोरडं पडतं. निघण्याआधी त्या जागेचा नकाशा बघा, गावात आणि पोलिसांकडे विचारून घ्या. पाण्यावर फार खाली उतरू नका, हलत्या पाण्यावर ड्रोनचे खालचे सेन्सर फसतात. जमलं तर दोनदा जा, एकदा पाणी असताना, एकदा ओसरल्यावर, आणि दोन्ही वेळा त्याच जागेवरून, त्याच उंचीवरून तीच चाल घ्या. मी उन्हाळ्यात गेलो तेव्हा भिंतींवर पाण्याची रेघ माझ्या डोक्याच्याही वर होती. तिच्याखाली उभं राहून वर बघितलं आणि मगच ड्रोन काढला.