शाळांच्या एकत्रीकरणाआधी गावात घर घ्यावे का?

अमेरिकेतील आयोवा राज्यातल्या एका छोट्या गावात नोकरी करणाऱ्या वाचकाने विचारले आहे की, गावातच 2,10,000 डॉलरचे घर घ्यावे, की 45 मिनिटांवरच्या अँकेनी शहरात 3,80,000 डॉलरचे. मुलगी आठवीत आहे, मुलगा तिसरीत. विद्यार्थी घटल्यामुळे गावचे हायस्कूल बंद होऊन तेथील मुले शेजारच्या गावी जातात आणि आता दोन्ही गावांचे स्कूल डिस्ट्रिक्ट (शाळा चालवणारी आणि त्यासाठी कर घेणारी स्थानिक संस्था) एकत्र करण्यावर पुढील वर्षी मतदान आहे. नव्या इमारतीसाठी कर वाढेल आणि घराची किंमत पडेल, अशी आपल्याला धास्ती आहे.

करापुरती ही धास्ती अनाठायी आहे. आयोवात शाळेची इमारत बांधण्यासाठी काढायच्या कर्जरोख्यांना मतदानात 60 टक्के मते लागतात, त्यामुळे ते सहजासहजी मंजूर होत नाहीत. मंजूर झाले आणि त्यांच्या फेडीसाठी दर हजार डॉलर करपात्र मूल्यावर 2.70 डॉलरचा कर लागला, तरी घराच्या मूल्याचा निम्म्याहून थोडा कमीच भाग करपात्र असल्याने आपल्यावर वर्षाला सुमारे 265 डॉलरचा बोजा येईल. याउलट, दोन्हीकडे 20 टक्के रक्कम आधी भरली आणि साडेसहा टक्के दराने 30 वर्षांचे कर्ज घेतले, तर अँकेनीचा हप्ता महिन्याला सुमारे 860 डॉलरने जास्त बसेल. रोजच्या जाण्यायेण्याचा खर्च आणि दीड तास वेगळाच.

खरी जोखीम घर विकताना आहे. सरकारी अनुदान 1 ऑक्टोबरच्या पटसंख्येवर ठरते. पट घटला की अनुदान घटते, मग विषय आणि शिक्षक कमी होतात, आणि मुले असलेली कुटुंबे अशा गावात घर घ्यायला कचरतात. तीन-चार वर्षांत गाव सोडावे लागले, तर किंमत जराही न पडता केवळ विक्रीखर्चापोटी 6 टक्के, म्हणजे 12,600 डॉलर जातील.

एकत्रीकरणाने गावची शाळा संपतेच असे मात्र नाही. आयोवातल्याच अ‍ॅप्लिंग्टन-पार्कर्सबर्ग या एकत्रित डिस्ट्रिक्टमध्ये हायस्कूल एका गावात आणि मिडल स्कूल दुसऱ्या गावात आहे. आपल्या मुलाच्या दृष्टीने हीच वाटणी महत्त्वाची आहे, कारण त्याची नऊ वर्षे अजून शिल्लक आहेत. मुलीचे हायस्कूल शेजारच्या गावी हे तर आजच ठरलेले आहे. तिथे प्रगत विषय मोजकेच असले, तरी आयोवाच्या सीनियर इयर प्लस योजनेत हायस्कूलमध्ये असतानाच कम्युनिटी कॉलेजचे (स्थानिक दोन वर्षांच्या कॉलेजचे) क्रेडिट शिकवणी शुल्काशिवाय मिळवता येतात, आणि कॉलेजच्या खर्चाच्या नियोजनात मी याला मोठे मोल देतो. साडेचौदाव्या वर्षी स्कूल परमिट, म्हणजे शाळेत जाण्यायेण्यासाठीचा वाहन परवाना, मिळून ती स्वतः गाडी चालवू लागली, तर विम्याचा वाढीव हप्ता अंदाजपत्रकात आत्ताच धरा.

माझा सल्ला असा की, अँकेनीचा विचार सोडावा आणि मतदान होईपर्यंत याच गावात भाड्याने राहावे. दरम्यान एकत्रीकरणाचा प्रस्ताव मिळवून वाचावा. विशेषतः दोन्ही डिस्ट्रिक्टच्या जुन्या कर्जाची फेड कोणत्या हद्दीतील करदात्यांवर टाकली आहे, हे पाहावे. त्यानंतर स्कूल बोर्डाच्या बैठकीत आपल्या गावातील प्राथमिक शाळेच्या छताची आणि बॉयलरची दुरुस्ती पुढील पाच वर्षांच्या आराखड्यात धरली आहे का, असे थेट विचारावे; ती शाळा टिकवण्याचा विचार आहे की नाही, हे त्यावरून कळेल. धरली असेल आणि निदान सात वर्षे इथे राहण्याची आपली तयारी असेल, तर गावातले घर निःशंकपणे घ्यावे. दुरुस्ती धरलेली नसेल, तर ज्या गावात हायस्कूल आहे तिथे घर पाहावे.