‘जो जीता वही सिकंदर’ आज पुन्हा पाहिला तर तितकाच आवडतो का?

शाळेत असताना आवडलेला ‘जो जीता वही सिकंदर’ इतक्या वर्षांनी पुन्हा पाहावा का आणि मुलांना दाखवावा का, असा आपला प्रश्न आहे. जरूर पाहावा. फक्त सख्ख्या भावाच्या शेजारी बसून पाहू नये.

चित्रपट १९९२चा, दोन भावांचा आणि कॉलेजांमधल्या सायकल शर्यतीचा. आमच्या गल्लीत तो पुढच्या वर्षीच्या गणेशोत्सवात मंडळाच्या पडद्यावर आला. पुढची जागा भरून गेल्यामुळे मी आणि माझा धाकटा भाऊ पडद्याच्या मागच्या बाजूला पोते अंथरून बसलो, त्यामुळे सगळी अक्षरे उलटी दिसत होती आणि शर्यतीतल्या सायकली भलत्याच दिशेने धावत होत्या. मी अकरावीत होतो, तो नववीत. झेवियर्स कॉलेजमधला श्रीमंत मुलगा असल्याच्या थापा मारणारा, नापास होणारा, बापाचा मार खाणारा धाकटा संजू, म्हणजे संजयलाल, आम्हा दोघांनाही इतका आपला वाटला की त्या रात्री घरी परतताना त्याच्या थोरल्या भावाचे, रतनचे, नावसुद्धा कोणी काढले नाही.

आमची पिठाची गिरणी होती. वडिलांना दम्याचा त्रास होता आणि उडत्या पिठात उभे राहणे त्यांना झेपेनासे झाले, तेव्हा त्याच वर्षी संध्याकाळची गिरणी माझ्याकडे आली. माझ्याकडे एक जुनी, वाकड्या हँडलची रेसिंग सायकल होती. मी दोन वर्षे पैसे साठवून ती घेतली होती. ती आपोआप भावाकडे गेली. पुढे तालुक्याच्या शर्यतीत त्याचा पहिला नंबर आला आणि गावभर त्याला ‘संजयलाल’ म्हणू लागले. मला त्याचा अभिमान वाटला, हेही खोटे नाही.

गेल्या दिवाळीत त्याच्या पुण्याच्या घरी आम्ही हा चित्रपट पुन्हा लावला. पूर्वार्धातली गंमत अजूनही शाबूत आहे. संजूच्या वडिलांचे, रामलालचे कॅफे, संजूचे मॉडेल आणि श्रीमंतांचे राजपूत या कॉलेजांमधली खुन्नस, मॉडेलच्या मुलांची ‘पजामाछाप’ म्हणून केलेली हेटाळणी, हे सगळे दिग्दर्शक मन्सूर खानने इतक्या सहज हाताने रचले आहे की आजही हसू येते. ‘पहला नशा’ लागले तेव्हा भाऊ गुणगुणत होता आणि मी भावजयीला सांगत होतो की हा आवाज आपल्या दाभोळच्या साधना सरगमचा आहे. पण या वेळी माझी नजर सारखी रतनवर जात होती. तो अभ्यास करतो, कॅफेत वडिलांना हातभार लावतो, धाकट्याच्या चुका पोटात घालतो आणि नेटाने सराव करतो. मग राजपूत कॉलेजच्या शेखर मल्होत्राच्या टोळीशी झालेल्या झटापटीत तो दरीत कोसळतो, आणि त्याच्या अंथरुणाशी बसून धाकटा शहाणा होतो. थोरल्याला दरीत ढकलल्याशिवाय धाकट्याला अक्कल येत नाही, अशी ही गोष्ट आहे, आणि शीर्षकात ‘जो जीता’ म्हटले आहे तो रतन नव्हे.

मी हे बोलून दाखवले. त्यावर भाऊ म्हणाला, “दादा, तुला सायकल चालवायची होती तर चालवायची होतीस. कोणी अडवलं होतं?”

त्या वेळी मी गप्प बसलो. उत्तर इथे देतो. अडवले कोणीच नव्हते. पण संध्याकाळी सहापासून दळणाचे डबे रांगेला लागलेले असताना, ज्वारीवर लगेच गहू टाकला तर कोणाची बोलणी खावी लागतील याचा हिशेब डोक्यात चालू असताना आणि वडील आत खोकत असताना, पट्टा थांबवून सायकल बाहेर काढायला कोणी अडवावे लागत नाही. माझे स्पष्ट मत आहे की या चित्रपटाचे कौतुक करणारे निम्मे लोक घरातले धाकटे असतात.

मुलांविषयी म्हणाल तर दाखवा, पण काही गोष्टी आधी सांगून ठेवा. भर शर्यतीत मारामारी करून पुन्हा सायकलवर बसणाऱ्याला खऱ्या स्पर्धेत बाद करतात. संजू जिच्यावर भाळतो त्या देविकाला केवळ पैशामागे लागलेली दाखवले आहे आणि त्याच्या मैत्रिणीला, अंजलीला केवळ वाट पाहणारी, हे आजच्या मुलींना खटकेल आणि खटकावेच. प्रदर्शनाच्या वेळी संजू झालेला आमिर खान सत्तावीस वर्षांचा होता, हेही मुले लगेच ओळखतील. आणि मी वर लिहिले ते जरा एकांगी आहे, हे मला मान्य आहे. ‘रूठ के हमसे’ या गाण्याच्या वेळी संजूला लहानपणचा रतन आठवतो, तेव्हा शेजारी भावाने चष्मा काढून पुसला होता.

ती सायकल अजून गिरणीच्या माळ्यावर आहे. नव्या घराच्या भिंतीवर शोभेला लावायला तो ती मागतो आहे. मी अजून हो म्हटलेले नाही.