पानगळीत जुनी बोट नेताना : वाचकांचे प्रश्न

इंग्लंडच्या अरुंद कालव्यांवरून एके काळी कोळसा, धान्य, चहा वाहणाऱ्या सत्तर फूट लांब आणि जेमतेम सात फूट रुंद बोटी आता हौशी मंडळी जपतात, रंगवतात आणि चालवतात. लेस्टरकडे मुलं-नातवंडं असलेल्या बडोद्याच्या वाचकांकडून यंदा या बोटींबद्दल बरेच प्रश्न आले. त्यांतले एकाच वाटेचे आणि एकाच हंगामाचे इथे घेतले आहेत.

प्रश्न : मुलगा आणि त्याचे मित्र मिळून १९३६ सालची एक मालवाहू बोट सांभाळतात. तुळशीचं लग्न आटोपलं की ती हिवाळ्यासाठी फॉक्सटनहून ब्राउन्स्टनला न्यायची आहे आणि आम्ही दोघं तेव्हा तिथेच असू. नकाशावर अंतर २७-२८ मैल दिसतं. सकाळी निघून रात्रीपर्यंत पोहोचता येईल ना? (दांडिया बाजार)

नाही, आणि तसा बेतही आखू नका. नोव्हेंबरच्या मध्यावर त्या भागात सूर्य साधारण सव्वासात-साडेसातला उगवतो आणि चार-सव्वाचारला मावळतो. कालव्यावरची वेगमर्यादा ताशी ४ मैल असली तरी जुनी मालवाहू बोट पाण्यात अडीच-तीन फूट बुडालेली असते. फॉक्सटन ते वॉटफर्ड हा २० मैलांचा लॉक नसलेला टप्पा तिच्यासाठी उथळच आहे. (लॉक म्हणजे दोन्ही टोकांना दारं असलेला हौद; त्यात पाणी भरून किंवा सोडून बोट वरच्या-खालच्या पातळीवर नेतात.) तिथे ताशी अडीच मैल धरा. म्हणजे नुसत्या चालण्याचे अकरा तास झाले. वर लॉक आली २३ : फॉक्सटनची १०, वॉटफर्डची ७, ब्राउन्स्टनची ६. त्यांचे साडेतीन-चार तास. ही बेरीज दोन दिवसांत कशीबशी बसते. पाहुणे सोबत असताना तीन दिवस धरावेत.

पहिल्या दिवशी फॉक्सटन चढून हजबंड्स बॉसवर्थचा बोगदा पार करायचा आणि वेलफर्डच्या फाट्याजवळ थांबायचं. दुसऱ्या दिवशी क्रिकपर्यंत. तिसऱ्या दिवशी क्रिकचा बोगदा, वॉटफर्डची उतरंड, नॉर्टन जंक्शन, ब्राउन्स्टनचा बोगदा आणि शेवटची सहा लॉक. ब्राउन्स्टनचा बोगदा २०४२ यार्डांचा, म्हणजे पावणेदोन किलोमीटरहून जास्त आहे, आणि मध्ये त्याला वाक आहे. समोरून बोट येऊ शकते. दिवा किंचित वर आणि उजवीकडे रोखा, समोरच्याच्या डोळ्यांत नको. छतातून पाणी गळतं, तेव्हा टोपी हवी.

उथळ पाण्यात उशीर होतोय म्हणून इंजिनाचा वेग वाढवणारे पुष्कळ भेटतात. त्याने उलटंच होतं. बोट ढकलणारा पाण्यातला पंखा बोटीखालचं पाणी ओढून घेतो, मागची बाजू खाली बसते, काठावर लाट फुटते आणि बोट जास्तच रेंगाळते. लाट दिसली की वेग कमी करा, बोट मोकळी होते. वळणावर बाहेरच्या अंगाने जा, पाणी तिकडे खोल असतं. रुतलीच तर पुढे रेटू नका. ज्या वाटेने रुतली त्याच वाटेने मागे घ्या, माणसं दुसऱ्या अंगाला उभी करा आणि पुढच्या टोकाला बांबूने रेटा द्या.

निघण्याआधी कॅनल अँड रिव्हर ट्रस्ट या कालवे सांभाळणाऱ्या संस्थेची हिवाळी दुरुस्त्यांची यादी मात्र पाहाच. लॉकची दारं बदलण्याची मोठी कामं नोव्हेंबर ते मार्चच्या मध्यापर्यंत काढतात आणि त्या काळात एखादी लॉक आठवडेच्या आठवडे कोरडी असते. वाट बंद झाली की बोट जिथे आहे तिथेच राहते. फॉक्सटन आणि वॉटफर्डमधल्या वरच्या टप्प्याला नेझबी, सल्बी आणि वेलफर्डच्या तलावांचं पाणी मिळतं. उन्हाळा कोरडा गेला असेल तर पातळीचीही चौकशी करा.

प्रश्न : फॉक्सटनला लाल आणि पांढऱ्या खुंट्या असतात आणि क्रम चुकला तर गोंधळ होतो, असं नातू सांगतो. नेमकं काय होतं? (रावपुरा)

नातू बरोबर सांगतो. १८१४ पासून चालू असलेली ही दहा लॉक पाच-पाचच्या दोन जिन्यांत बांधली आहेत आणि बोट ७५ फूट चढवतात. एका हौदाचं वरचं दार हेच वरच्या हौदाचं खालचं दार. मध्ये श्वास घ्यायला जागा नाही, म्हणून प्रत्येक हौदाच्या बाजूला एक तळं आहे. लाल खुंटीची झडप बाजूच्या तळ्यातलं पाणी खालच्या हौदात सोडते. पांढरीची झडप वरच्या हौदातलं पाणी त्याच तळ्यात सोडते. आधी लाल, मग पांढरी. उलटं केलंत तर भरलेल्या तळ्यात आणखी पाणी ओतलं जातं, ते काठावरून पायवाटेवर येतं आणि वाया जातं. तुमच्या हौदाला मात्र पाणी पुरत नाही.

त्याआधीची पायरी जास्त महत्त्वाची. बोट खाली बांधून एकाने वर चालत जायचं, लॉककीपरला भेटायचं आणि त्याने सांगितल्यावरच शिरायचं. पाच लॉकच्या जिन्यात समोरासमोर आलेल्या बोटी एकमेकींना ओलांडू शकत नाहीत. ती जागा फक्त दोन जिन्यांच्या मध्ये आहे. रात्री जिना कुलूपबंद असतो आणि हिवाळ्यात वेळ आणखी आखडते, तेव्हा वेळा आदल्या दिवशी विचारून ठेवा.

जुन्या बोटीचं एक वेगळं दुखणं आहे. सात फुटांची बोट वर्षानुवर्षं ओझं वाहून मधोमध इंच-दोन इंच फुगलेली असते. सात फुटांच्या लॉकमध्ये ती अडकते. बोट भिंतीला घासू नये म्हणून बाजूला लोंबणारे दोराचे गोंडे, म्हणजे फेंडर, आत शिरण्याआधी वर घ्या. बोट खाली येताना फेंडर भिंतीत पाचर मारतो आणि एक बाजू अधांतरी लटकते.

वॉटफर्डला उतरताना सगळ्यात मोठा धोका उंबरठ्याचा. वरच्या दाराखाली काँक्रीटचा किंवा दगडाचा कट्टा असतो आणि काठावर पांढरी रेघ त्याची हद्द दाखवते. सत्तर फुटांच्या बोटीला पुढे-मागे हातभरच जागा उरते, म्हणून सुकाणूवरच्या माणसाने नजर मागेच ठेवायची. सुकाणू कट्ट्यावर टेकलं तर खालच्या झडपा लगेच बंद करा, मग वरच्या सावकाश उघडून पाणी पुन्हा भरा. चढताना पुढचं टोक दारात अडकलं तर याच्या उलट : वरच्या बंद, खालच्या उघडा. झडपेचं हँडल दांड्यावर ठेवून हात सोडू नका. खिट्टी सुटली तर ते गरगर फिरतं आणि मनगट मोडतं.

प्रश्न : पानगळीत पंखा सारखा गुदमरतो म्हणतात. कसं ओळखायचं आणि काय करायचं? (मांजलपूर)

इंजिनाचा आवाज जड होतो, धूर काळा येतो, मागचं पाणी घुसळल्यासारखं तपकिरी दिसतं आणि बोट पुढे सरकत नाही. टेकडी खोदून काढलेल्या, झाडीने झाकलेल्या खोल वाटेत हे हमखास होतं, कारण पानं तिथे वाऱ्याने उडून जात नाहीत. बुडतात आणि मध्ये तरंगत राहतात. गियर मोकळा करा, बोट संथ होऊ द्या आणि मग दोन-तीन सेकंद जोरात मागचा गियर द्या. पानांचा गोळा सुटून बाहेर येतो. पुन्हा मोकळा, पुन्हा पुढे. शंभर यार्डांवर परत तेच करावं लागलं तर वैतागू नका.

हे पानांचं झालं. दोर, प्लास्टिक किंवा साडीसारखं लांब कापड गुंडाळलं गेलं तर मागच्या गियरने ते आणखी आवळतं. नव्या बोटींना पंख्यावर उघडणारं झाकण असतं. मूळ मालवाहू बोटींना बहुधा ते नसतं. तिथे मागच्या डेकवर पालथं झोपून लांब दांड्याच्या आकड्याने ओढून काढायचं. आधी इंजिन पूर्ण बंद. नुसता गियर मोकळा करून भागत नाही.

पानं इंजिनालाही छळतात. कालव्याचं पाणी आत घेऊन थंड होणारं जुनं इंजिन असेल तर गाळणीचा डबा दिवसातून दोनदा उघडून पाहा. बाहेर पडणारी धार बारीक झाली किंवा वाफाळू लागली, की गाळणी भरली असं समजा. लॉकच्या दारामागेही पानांचा थर साचतो आणि दार पुरतं उघडत नाही. अर्धवट उघडलेल्या दारातून फुगलेली बोट घुसवू नका, आकड्याने कचरा बाहेर ओढा.

प्रश्न : मला पोहता येत नाही आणि मी नऊवारी नाही तरी साडीच नेसते. लाइफ जॅकेट घालावं का? कालवा तर कमरेएवढाच असतो म्हणे. (वाघोडिया रोड)

घालावं. जानेवारी २०२४ मध्ये हरणीच्या तलावावर सहलीच्या मुलांची बोट उलटली त्यानंतर बडोद्यात हा प्रश्न कुणाला खुळचट वाटणार नाही. कालव्यात बहुतेक ठिकाणी पाय टेकतात हे खरं, पण लॉकमध्ये टेकत नाहीत. शिवाय पाणी पाच-आठ अंशांचं असतं. त्यात पडल्यावर पहिला मिनिटभर श्वास आपल्या ताब्यात राहत नाही आणि भिजलेला कोट खाली ओढतो. आपोआप फुगणारं, १५० न्यूटनचं (हा तरंगवण्याच्या ताकदीचा आकडा) जॅकेट कोटाच्या वरून घाला, आतून नको. केबिनमध्ये जाताना काढा.

साडीचं मात्र ऐका : या तीन दिवसांत नको. जुन्या इंजिनाचं फ्लायव्हील, म्हणजे जड चाक, उघडं फिरतं आणि पदर, ओढणी, मफलर त्यात एका क्षणात गुंततात. लोकरीची पँट, वर पाणी न शिरणारी पँट आणि खाली घट्ट पकडीचे बूट. लॉकच्या दाराच्या फळीवर भिजकी पानं आणि शेवाळ असतं. सकाळी त्यावर दव गोठलेलं असेल तर चालतच जाऊ नका, पुलावरून वळसा घ्या.

सुकाणू धरणाऱ्याने केबिनच्या दारातच उभं राहायचं, सुकाणूच्या दांड्याच्या फिरण्याच्या टप्प्यात नाही. मागे जाताना सुकाणू कशाला अडलं तर दांडा झटक्यात फिरतो आणि माणसाला थेट पंख्यापाशी फेकतो. कुणी पडलंच तर सर्वांत आधी गियर मोकळा. दोर टाकणं त्यानंतर.

प्रश्न : बोटीवर कुकर, फोडणी वगैरे चालेल का? आणि रात्री शेगडी पेटती ठेवली तर? (सुरसागरजवळून)

खिचडी, वरण, उसळ खुशाल करा. कोळशाच्या शेगडीवर वरण मंद छान शिजतं. फोडणी देताना छताचं सरकतं झाकण उघडं ठेवा, नाहीतर दहा फुटांच्या केबिनमध्ये सगळे खोकत बसतील. गॅसचा वापर फक्त स्वयंपाकापुरता. ऊब यावी म्हणून तो पेटता ठेवणं हे घातक : ऑक्सिजन संपतो, कार्बन मोनॉक्साइड तयार होतो आणि त्याला वास नसतो. गॅस गळलाच तर तो हवेपेक्षा जड असल्याने बोटीच्या तळाशी साचतो.

शेगडीत धूर न करणारा कोळसा वापरा. साधा घरगुती कोळसा इंग्लंडमध्ये विकायला २०२३ पासून बंदी आहे. वायुवीजनाच्या जाळ्या थंडी लागते म्हणून कापडाने बुजवू नका. राख धुमसत असते, ती बादलीत भरून केबिनमध्ये ठेवू नका. कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म १ एप्रिल २०१९ पासून तिथल्या राहण्याजोग्या बोटींवर सक्तीचा आहे. त्याचं बटण पहिल्या संध्याकाळी स्वतः दाबून पाहा. डोकं दुखणं आणि मळमळ एकदम दोघांना झाली तर बाहेर पडा, कारण शोधत बसू नका.

प्रश्न : आपल्याकडे चांदोदला नर्मदेत असाच बोटीचा प्रवास करता येईल? (कारेलीबाग)

त्या नदीत लॉक नाहीत, प्रवाह आहे आणि वर धरण आहे. सोडलेल्या पाण्याने पातळी बदलते. कालव्याचे हिशेब तिथे लागू पडत नाहीत. नाव बांधताना तोंड प्रवाहाकडे आणि दोर चढउतार सोसेल इतका सैल, एवढं मात्र दोन्हीकडच्या नावाड्यांना पटेल.

प्रश्न : इंजिन हाताने सुरू करायचं आहे. शिवाय रात्री थंडी शून्याखाली गेली तर? (अलकापुरी)

तेलाची पट्टी पाहा, वरच्या रॉकरांवर (इंजिनाच्या झडपा हलवणाऱ्या दांड्यांवर) तेलाचे थेंब सोडा, रोजच्या टाकीत डिझेल वर येईपर्यंत भरा. दाब सोडणारे दोन्ही खटके उचलून फ्लायव्हील काही फेरे हाताने फिरवा, म्हणजे तेल आत पोहोचतं. मग वेग घेऊन एक खटका पाडा, इंजिन धरलं की दुसरा. हँडलवर अंगठा बोटांच्याच बाजूला ठेवा, गुंडाळू नका. इंजिनाने उलटा झटका दिला तर गुंडाळलेला अंगठा मोडतो. सुरू झाल्यावर पाच-दहा मिनिटं तसंच चालू द्या आणि थंड पाणी बाहेर पडतंय ना, ते पाहा. या बोटींचा गियर चाक फिरवून बदलतो, पुढून मागे जायला बरेच फेरे लागतात. म्हणून थांबायची जागा आधीच हेरा.

कालव्याच्या पाण्याने थंड होणारं इंजिन असेल तर गोठण्याच्या रात्री पाणी घेणारी तोटी बंद करून इंजिनाच्या ठोकळ्याच्या खालच्या तोटीतून सगळं पाणी काढा. राहिलेलं पाणी गोठून फुगलं की बिडाचा ठोकळा तडकतो, आणि नव्वद वर्षांच्या इंजिनाचा ठोकळा दुकानात मिळत नाही. हिवाळाभर बोट उभी राहणार असेल तर डिझेलची टाकी भरलेली ठेवा; रिकाम्या जागेत हवेतला ओलावा थेंब होऊन तळाशी जातो.

पंख्याचा दांडा जिथून बाहेर जातो तिथे मिनिटाला थेंब-दोन थेंब गळणं ठीक. रात्री थांबताना ग्रीसच्या डब्याचं झाकण गळती थांबेपर्यंत आवळा, आणि तळातलं पाणी झोपण्याआधी आणि उठल्यावर खुणेच्या काठीने मोजा. सकाळी बोटीभोवती बर्फाची पातळ साय दिसली आणि बोट लाकडी असेल, तर ती वितळेपर्यंत निघू नका : बर्फाची धार पाण्याच्या रेषेवर फळीच फाडते.