जलरंगात समुद्र रंगवून त्यावर खरी वाळू-शिंपले लावायचे आहेत. मिठाचा इफेक्ट कसा आणतात, निळा कोणता घ्यावा आणि हे सगळं टिकतं का?

टिकत नाही. माझं पहिलं तरी टिकलं नव्हतं, आणि का टिकलं नाही ते मला एका माणसाने चव घेऊन सांगितलं. ते पुढे येईलच.

मुलीच्या शाळेच्या प्रदर्शनासाठी हवंय असं तुम्ही लिहिलंय, म्हणजे घाई असणार, म्हणून आधी मीठ. यात सगळा खेळ वेळेचा आहे. फरशी पुसल्यावर आधी आरशासारखी चमकते, मग चमक मंद होते, मग जाते. कागदावरचा रंग त्या मधल्या अवस्थेत असताना मीठ टाकायचं. आधी टाकलंत तर ते विरघळतं आणि नुसते डाग पडतात. उशिरा टाकलंत तर काहीच होत नाही, मीठ न बोलावलेल्या पाहुण्यासारखं बसून राहतं. वेळ साधली की एकेक खडा आजूबाजूचं पाणी ओढतो, रंग सरकतो आणि फिकट चांदण्या उमटतात. बारीक मिठाने रवाळ पोत येतो, खडेमिठाने मोठी फुलं. रंग गडद हवा, पाणचट रंगावर काही दिसत नाही. मग हात लावायचा नाही, ड्रायर तर नाहीच. पूर्ण वाळल्यावर कोरड्या फडक्याने झाडून टाकायचं, एकही खडा मागे ठेवायचा नाही. पावसाळ्यात करत असाल तर मीठ आधी तव्यावर भाजून घ्या. ज्या मिठाला बरणीतच पाणी सुटलंय ते कागदावरचं पाणी काय ओढणार? कागद 300 जीएसएमचा, म्हणजे जाडजूड, आणि कोल्ड प्रेस, म्हणजे जरा खरबरीत पोताचा. ड्रॉइंगच्या वहीचा कागद पापडासारखा वाकतो.

झालं मीठ.

निळा कोणता? माझं मत विचाराल तर नुसता निळा कुठलाच नको. मी रत्नागिरीची. आमच्या गावात दोन समुद्र आहेत, पांढरा समुद्र आणि काळा समुद्र. नावं वाळूवरून पडलेली. मांडवीची वाळू काळी, लोखंडाच्या अंशाची. लहानपणी तिच्यात चुंबक फिरवला की त्याला काळी दाढी यायची. पलीकडे भाट्याला काजळी नदी समुद्राला मिळते, आणि पावसाळ्यात तिथलं पाणी तांबड्या मातीने थेट चहासारखं होतं. यात निळा कुठे आहे? बाजारात समुद्राच्या थीमची जी तयार किट मिळतात ती सगळी फिरोजी. तो समुद्र मालदीवच्या जाहिरातीतला आहे, कोकणातला नाही. अल्ट्रामरीन या गडद निळ्यात बर्न्ट सिएना हा तांबूस तपकिरी घाला, हात सैल ठेवून घाला, मग जो करडा मिळेल त्यात आमचा समुद्र आहे.

ही नजर माझी नाही, दादाची. दादा मुंबईला चित्रकला शिकला आणि गावी परत येऊन शाळेत ड्रॉइंग मास्तर झाला. एलिमेंटरी-इंटरमिजिएटला बसणाऱ्या किती पिढ्या त्याच्या हाताखालून गेल्या. आणि दर रविवारी गावातल्या थिबा पॉइंटवर बोर्ड मांडीवर घेऊन तोच तो खाडीचा देखावा. पक्का पारदर्शक जलरंगवाला. पेटीतला पांढरा रंग विकत घेतल्याबरोबर काढून टाकणारा. उजेड हवा असेल तर कागद कोरा सोडायचा, हा त्याचा धर्म. मी बँकेत तीस वर्षं नोटा मोजल्या आणि व्हीआरएस घेतल्यावर हे सुरू केलं. जलरंगाची पार्श्वभूमी, त्यावर बँडेजच्या जाळीचा फेस, पुढे वाळू, शिंपले, कोळ्यांच्या टाकून दिलेल्या जाळ्याचा तुकडा. पहिल्या फ्रेमचा फोटो दादाला पाठवला तर त्याचा फोन, "हे चित्र नाय गो, ही भेळ आहे."

मी म्हटलं, का?

तर म्हणे, सावंतवाडीच्या सा. ल. हळदणकरांनी दिव्याच्या उजेडातली ती बाई रंगवली, म्हैसूरच्या जगनमोहन पॅलेसमध्ये आहे बघ. नुसत्या पाण्याने आणि रंगाने तो उजेड आणलाय. त्यांनी मीठ टाकलं होतं का? मीठ जेवणात टाकावं.

यावर मला तेव्हा उत्तर सुचलं नाही. चार महिन्यांनी सुचलं.

मधल्या काळात ती फ्रेम डोंबिवलीच्या घरात पश्चिमेच्या भिंतीवर लागली. मे महिन्यात लावली तेव्हा येणारा-जाणारा तिच्यासमोर थांबायचा. जुलैत काचेला आतून धुकं धरायला लागलं. मला वाटलं भिंतीची ओल. मग काचेच्या खालच्या कडेला आतून थेंब जमले. वाळू एकेका रात्रीत थोडी थोडी सुटायला लागली, सकाळी फ्रेमच्या तळाशी काळी रेघ. जाळ्याच्या तुकड्यावर बुरशी. आणि शिंपल्यांवर पीठ पडावं तशी पांढरी पूड, पुसली की चार दिवसांत परत.

श्रावणात दादा मोतीबिंदूच्या तपासणीला आला. त्याला तेव्हा फारसं दिसत नव्हतं, म्हणून भिंतीजवळ अगदी नाक लावून उभा राहिला. मी चहा टाकायला गेले. परत आले तर त्याने फ्रेम खाली उतरवून मागचा पुठ्ठा सोडवला होता आणि बोट वाळूतून फिरवून ते चक्क जिभेवर ठेवलं होतं.

"खारट आहे," म्हणाला. "धुतली नव्हतीस?"

नव्हती धुतली! समुद्राची वाळू, ती कशाला धुवायची? किनाऱ्यावर उन्हात वाळलेली दिसली, भरली पिशवीत. पण कोरड्या दिसणाऱ्या त्या वाळूत समुद्राचं मीठ असतं, आणि मीठ हवेतली ओल ओढतं. म्हणजे मी पावसाळ्यात काचेमागे मिठाची बरणी उघडी ठेवली होती. कागदावरून नीट न झाडलेल्या खड्यांनीही तेच केलं, तिथे ओलसर वर्तुळं पडली होती. पांढरा गोंद पाण्याने मऊ होतो, तो सुटला. शिंपल्यांची गोष्ट वेगळी. ते मी बाथरूमच्या कामातून उरलेल्या सिलिकॉनने चिकटवले होते. त्या सिलिकॉनला वाळताना व्हिनेगरसारखा वास येतो कारण त्यातून खरंच तेच आम्ल निघतं, आणि शिंपला म्हणजे चुनखडी. त्यावर लिंबू पिळून बघा, फसफसतं. बंद फ्रेममध्ये ती वाफ शिंपल्यांना खात बसली. लाकडी कपाटांत ठेवलेल्या शिंपल्यांचंही लाकडातून निघणाऱ्या आम्लाने असंच होतं. संग्राहक त्याला बाइन्स डिसीज म्हणतात, पण त्यात रोगबिग काही नाही, साधं रसायन आहे.

दादा फार बोलला नाही. "समुद्र आणलास खरा घरात," एवढंच म्हणाला. हे वाक्य मला अजून लागतं.

तेव्हा तुम्ही वाळू गोड्या पाण्यात पाच-सहा वेळा धुवा आणि शेवटचं पाणी चाखून बघा, लाजू नका. कडक उन्हात वाळवा. शिंपले उकळून, आतला मांसाचा कण काढून, तेही धुऊन वाळवा, नाहीतर शाळेच्या हॉलमध्ये वास सुटेल. तिसऱ्या-खुबे घरी खाल्ल्यावर जे उरतात ते उत्तम, किनाऱ्यावरून उचलायचे तर रिकामे उचला. पोवळं आणि समुद्रपंखा मात्र कुणी विकत असलं तरी घेऊ नका, वन्यजीव संरक्षण कायद्यात येतात ते. वाळू गोंदात कालवू नका, मांडवीची तर नाहीच, ती जड, तळाशी बसते. कागदावर ॲक्रिलिक मीडियमचा (वाळल्यावर पारदर्शक होणारा, चिकट द्रव) हात द्या, वरून वाळू भुरभुरवा, वाळल्यावर उलटं करून टिचक्या मारा. आधी जलरंग पूर्ण करायचा, मग हे. उलट क्रम केलात तर त्या प्लॅस्टिकसारख्या थरावर जलरंग धरत नाही, कमळाच्या पानावरच्या पाण्यासारखा गोळा होतो. शिंपल्यांना इपॉक्सी, म्हणजे दोन भाग मिसळून लावायचा गोंद. काच आणि चित्रामध्ये बोटभर जागा.

आता माझं उत्तर, दादाला द्यायचं राहिलेलं. गणपतीला गावी गेले तेव्हा माळ्यावरून त्याचे जुने बोर्ड खाली काढले होते. दुपारी सगळे आडवे झाल्यावर मी भाट्याच्या संध्याकाळचं त्याचं सर्वांत नावाजलेलं चित्र खिडकीशी नेऊन तिरपं धरलं. पाण्यावर जी चमचम आहे, ज्यासाठी लोक त्याची वाहवा करतात, तिथे कागद खरवडलेला! ब्लेडने. उजेड आडवा पडला की कागदाचे तंतू उभे दिसतात. मी त्याला उठवून विचारलं, हे काय? म्हणे, "ते चालतं. ते जुनं तंत्र आहे."

बरोबर, जुनंच आहे. इंग्लंडचा टर्नर, समुद्र रंगवण्यात ज्याचा हात धरणारा नाही असं दादाच म्हणतो, तो जलरंगाचा कागद नखाने खरवडायचा. 1818 मध्ये यजमानाच्या मुलासमोर त्याने एका सकाळीत युद्धनौका रंगवली, ती कागद रंगाने चिंब भिजवून आणि मग ओरबाडून. मग ब्लेड चालतं, नख चालतं, स्पंज चालतो, मीठ तेवढं बाटतं? ओल्या रंगातून पाणी कुठे जाईल हे आधी ओळखणं हीच जलरंगाची विद्या असेल, तर मीठ टाकणाऱ्याला ती जरा जास्तच लागते, कारण ब्रश मागे घेता येतो, मीठ मागे घेता येत नाही. हे मी दादाला तोंडावर सांगितलं. तो म्हणाला, "मोदक जळतायत बघ." मोदक उकडीचे होते.

एक गोष्ट मात्र त्याची मान्य करते, मनाविरुद्ध. मीठ सगळीकडे टाकू नका. माझ्या पहिल्या फ्रेममध्ये आकाशातसुद्धा चांदण्या होत्या, आणि अरबी समुद्रावर बर्फ पडत नाही. फुटलेल्या लाटेच्या आसपास एक ओंजळ जागा, बस. बाकी पाण्याला दुसरे उपाय आहेत. ओल्या रंगावर पातळ चुरगळलेलं प्लॅस्टिक दाबून वाळेपर्यंत ठेवा, साड्यांवर येतं तसं कुरकुरीत, दुधाची पिशवी जाड पडते. काढल्यावर पाण्याच्या शिरा दिसतात. कोरोनातलं पाण्यासारखं पातळ सॅनिटायझर घरात उरलं असेल तर त्याचे थेंब टाका, रंग बाजूला पळतो आणि बुडबुडे उमटतात. लाटेच्या कडेला आधी पांढरी मेणबत्ती फिरवा, तिथे रंग धरणार नाही. दातांच्या जुन्या ब्रशने तुषार. हे सगळं एकाच कागदावर करू नका, नाहीतर दादाचं खरं होईल आणि भेळ होईल. मुलीला निदान एक लाट नुसत्या ब्रशने काढू द्या.

आणि निळ्याचं. वर मी जे ठणकावून लिहिलंय ते पुसत नाही, पण एक सांगायला हवं. दिवाळीनंतर दादाचं ऑपरेशन झालं. मोतीबिंदू पिकत जातो तसं डोळ्यातलं भिंग पिवळं होतं आणि निळा अडवतं, हे आम्हाला डॉक्टरांनी नंतर सांगितलं. पट्टी निघून पंधरा दिवस झाले असतील, रविवारी सकाळी त्याचा थिबा पॉइंटवरून फोन आला. बराच वेळ बोलेचना. वाऱ्याचा आवाज तेवढा येत होता. मला वाटलं पडला-बिडला की काय.

मग म्हणाला, "अगो, निळा आहे."

मी म्हटलं, थंडीत असतो, पावसाचा गाळ खाली बसला की. तो म्हणाला, तसं नाय गो. पार वर, क्षितिजापाशी. आणि फोन ठेवला.

तेव्हा वरच्या पट्टीत, क्षितिजाला लागून, अल्ट्रामरीन नुसताच लावा. बर्न्ट सिएना खालून सुरू करा.