एंडोस्कोपीतल्या संशोधनासाठी जपानला येण्याआधी

तुम्ही तीन गोष्टी विचारल्या आहेत. डीएम (पोटविकारांतली अतिविशेष पदवी) झाल्यावर जपानमध्ये येऊन ईएसडी, म्हणजे पोट न कापता एंडोस्कोपमधून सुरुवातीचा कर्करोग सोलून काढण्याची पद्धत, शिकता येईल का, स्कोप (एंडोस्कोपची नळी) प्रत्यक्ष हातात मिळेल का, आणि संशोधनासाठी फेलोशिप बरी की पीएचडी. मी याच कामासाठी इथे आलो आणि इथेच राहिलो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी स्कोपचं. जपानी परवाना नसेल तर रुग्णावर उपचार करता येत नाहीत, तुम्ही निरीक्षक म्हणून उभे राहता. १९८७ पासून परदेशी डॉक्टरांसाठी देखरेखीखाली काम करण्याची एक तात्पुरती परवानगी आहे, पण ती ठरावीक रुग्णालयांतच मिळते आणि कागदपत्रांना महिने लागतात. पूर्ण परवाना हवा तर राष्ट्रीय परीक्षा जपानी भाषेत द्यावी लागते. डुकराच्या जठरावर सराव मात्र बऱ्याच ठिकाणी करू देतात. तो मनापासून करा.

पण फक्त हात तयार करायला येणार असाल तर इतक्या लांब येऊ नका, असं मी स्पष्ट सांगेन. इथली खरी ताकद स्कोप बाहेर काढल्यानंतर दिसते. काढलेला तुकडा एंडोस्कोपिस्ट स्वतः ताणून, टाचण्या लावून पाटीवर बसवतो. फॉर्मलिननंतर त्याचे दोन-दोन मिलिमीटरचे काप होतात आणि कर्करोग नेमका कुठवर पसरलाय याचा नकाशा मूळ फोटोवर उतरवला जातो. आपण आखलेली कडा आणि मायक्रोस्कोपखालची कडा जुळली का, हे प्रत्येक केसमध्ये तपासायचं. चुकलं असेल तर बैठकीत सगळ्यांसमोर बोलायचं. ही शिस्त अंगात भिनली की संशोधनाचे प्रश्न आपोआप सुचू लागतात.

एकच उदाहरण देतो. जठराचा सुरुवातीचा कर्करोग पोट न कापता काढायचा, तर लिम्फ नोडमध्ये (लसिका ग्रंथींत) तो गेलेला नाही याची खात्री हवी. २००० साली टोकियोच्या दोन मोठ्या कॅन्सर रुग्णालयांनी शस्त्रक्रिया झालेल्या ५,२६५ रुग्णांचे नमुने तपासून मांडले. म्यूकोसापुरत्या (जठराच्या सर्वांत आतल्या अस्तरापुरत्या) मर्यादित, डिफरन्शिएटेड (पेशींची रचना बरीचशी मूळ पेशींसारखी राहिलेल्या) आणि ३ सेंटिमीटरपेक्षा लहान अशा १,२३० गाठींपैकी एकीतही नोड बाधित नव्हता. त्यावरून ईएसडीचे निकष रुंदावण्याचा विचार पुढे आला. तरी तेवढ्यावर कुणी समाधान मानलं नाही. जेसीओजी या जपानी कर्करोग-संशोधन गटाच्या ०६०७ क्रमांकाच्या बहुकेंद्री चाचणीत ४७० रुग्णांवर ईएसडी करून पाच वर्षं पाठपुरावा केला, तेव्हा ९७ टक्के हयात होते. जुन्या नमुन्यांतून प्रश्न, आणि पुढच्या रुग्णांवर त्याची परीक्षा. हा पूर्ण प्रवास जवळून पाहण्यासाठी मी कुणालाही जपानला यायला सांगेन.

भाषेला पर्याय नाही. पॅथॉलॉजीचे अहवाल, जुन्या केसपेपरवरच्या नोंदी, एथिक्स कमिटीचे अर्ज, सगळं जपानीत. इंग्रजीत शोधनिबंध लिहिता येईल, पण त्यामागचा डेटा स्वतः वाचता आला नाही तर तुम्ही दुसऱ्याने काढून दिलेल्या तक्त्यावर अवलंबून राहता. कांजी (जपानीतली चित्राक्षरं) इथे येण्याआधीच शिकायला घ्या. शिवाय २०१८ पासून क्लिनिकल रिसर्च कायदा लागू आहे. त्याच्या कक्षेत येणारी चाचणी उभी करायलाच बराच वेळ जातो. वर्षभरासाठी येत असाल तर जुन्या नोंदींवरचा एखादा अभ्यास घ्या.

पीएचडी वैद्यकशाखेत चार वर्षांची असते. संशोधन हाच पेशा करायचा असेल तर करा, मॉन्बुकागाकुशो (जपानचं शिक्षण मंत्रालय) शिष्यवृत्तीसाठी अर्ज करा. परत जाऊन विभाग उभारायचा असेल तर दोन वर्षांची फेलोशिप पुरे. तिथे पगार बहुधा नसतो, तेव्हा पैशांचं आधी लेखी ठरवा.

प्राध्यापकांना पत्र लिहाल तेव्हा 'मला ईएसडी शिकायची आहे' असं मोघम लिहू नका. तुम्ही स्वतः केलेल्या स्कोपींची नोंद जोडा, दोन-तीन केसचे फोटो आणि त्यांचे पॅथॉलॉजी अहवाल शेजारी-शेजारी लावा, आणि त्यातून तुम्हाला पडलेला एक नेमका प्रश्न लिहा. पाठवण्याआधी मसुदा मला दाखवलात तर मी नक्की वाचेन.