दीड मीटर वायरीला नऊ हजार?

प्रश्न : भाऊ, मी दिग्रस तालुक्यातल्या एका खेड्यात राहतो. बाबांच्या जुन्या ॲम्प्लिफायरवर भजनं ऐकतो. संध्याकाळी आवाज बसतो, अन् मागून घूंऽ चालूच राहते. नागपूरच्या एका दुकानात नऊ हजारांची पॉवर कॉर्ड (ॲम्प्लिफायर बोर्डाला जोडायची वायर) दाखवली, तिनं स्पीकर मोकळा वाजतो म्हणाले. घेऊ का?

उत्तर : घेऊ नका भाऊ. कापसाचा पैसा किती घाम गाळून येतो, ते मी जाणतो.

तुमच्या घरची वीज डीपीवरून, म्हणजे गावातल्या ट्रान्सफॉर्मरवरून, खांबाखांबानं ॲल्युमिनियमच्या तारेतून येते, मग मीटर, मग बोर्ड. कॉर्ड म्हणजे त्या साऱ्या वाटेचा शेवटचा दीड मीटर. ०.७५ चौरस मिलिमीटरच्या साध्या तांब्याच्या कॉर्डमध्ये जाऊन-येऊन तीन मीटर तार असते. एक अँपिअर करंटला तिच्यात ०.१ व्होल्टही घटत नाही. शिवाय ती वीज स्पीकरपर्यंत जातच नाही. आत ट्रान्सफॉर्मर, रेक्टिफायर अन् मोठे कपॅसिटर तिची डीसी, म्हणजे एकाच दिशेनं वाहणारी वीज, करतात, आवाज त्या डीसीतून घडतो.

माझ्या दुकानात एक गुरुजी अशीच जाड कॉर्ड घेऊन आले होते. मी पडद्यामागून कॉर्ड बदलत गेलो, ते ओळखत गेले. निम्म्या वेळा चुकले. कान त्यांचे चांगले होते, पेटी-तबल्यातला फरक मला शिकवतील असे. फरकच नव्हता.

तुमचं खरं दुखणं व्होल्टेजचं वाटते. घरं अन् शेतातल्या मोटारी एकाच डीपीवर असल्या, की हरभऱ्याच्या ओलिताच्या दिवसांत २३० व्होल्टचे १७० झालेले मी स्वतः मीटरवर पाहिले आहेत. जुन्या धाटणीच्या ॲम्प्लिफायरची ताकद तेव्हा जवळपास निम्मी होते, कारण ती व्होल्टेजच्या वर्गानं घटते. संध्याकाळी सातला मोजून घ्या. कमी भरलं तर चांगला स्टॅबिलायझर घ्या.

घूंऽ साठी आधी सेट-टॉप बॉक्स किंवा टीव्हीची वायर ॲम्प्लिफायरमधून काढून बघा. थांबली, तर दोन उपकरणांच्या अर्थिंगचा फेरा आहे, म्हणजे जोडलेल्या वायरीतून अन् अर्थिंगमधून करंट गोल फिरतो. नाही थांबली, तर आतले फिल्टर कपॅसिटर वाळले असतील. चांगल्या मेकॅनिककडून बदलून घ्या. अर्थिंगचा खड्डाही बघा, उन्हाळ्यात त्यात पाणी टाकायला हवं.

स्पीकरची वायर मात्र निराळी गोष्ट. ती लांब अन् बारीक असेल, त्यात स्पीकर ४ ओहमचा, तर तिथं जाड तार कामी येते.

कॉर्ड कधी बदलायची? पिन तापत असेल, काळी पडली असेल, उंदरानं कुरतडली असेल तेव्हा. आयएसआय छापाची, तीन पिनांची घ्या. घूंऽ बंद होते म्हणून कोणी अर्थिंगची पिन काढायला सांगेल, ते अजिबात करू नका. आतली वायर ॲम्प्लिफायरच्या डब्याला लागली, की बटनावर हात ठेवणाऱ्याचा जीव जाऊ शकतो.