सोमवारी वावरात गेल्यावरही ख्रिस्त सोबत कसा राहील?

भाऊ, तुमचं म्हणणं असं, की रविवारी उपासनेत मन भरून येतं, पण सोमवारी वावरात गेलं की मजूर, फवारणी, सोसायटीचं कर्ज यात प्रभू आठवतही नाही. मग त्याला रोजच्या जगण्यात घ्यायचं कसं? मी दर्यापूरकडचा, ख्रिस्ती शेतकऱ्याच्या घरचा. पाळक नाही, म्हणून उत्तर वावरातलंच देतो.

दाराशी उभं राहून ठोकणाऱ्या येशूचं चित्र आपल्यातल्या बऱ्याच घरांत कॅलेंडरवर असतं. ते वचन बायबलातल्या प्रकटीकरण पुस्तकाच्या ३ऱ्या अध्यायातलं, आणि ते विश्वास नसलेल्यांना लिहिलेलंच नाही. लावदिकीयाच्या मंडळीला लिहिलंय, म्हणजे मंडळीत असून कोमट झालेल्या, आम्हाला काही कमी नाही म्हणणाऱ्या लोकांना. तुमची अडचण तितकी जुनी आहे.

दार उघडल्यावर काय होतं ते लूक १९ मध्ये बघा. यरीहोचा जक्कय, जकातदारांचा मुख्य, येशूला बघायला उंबरावर चढला. येशू म्हणाला, आज तुझ्या घरी उतरायचंय. घरी आल्यावर त्यानं हिशेब मागितल्याचं कुठं लिहिलेलं नाही. तरी जक्कय स्वतःच उठून म्हणाला, अर्धी मालमत्ता गरिबांना देतो, कुणाचं लुबाडलं असेल तर चौपट परत करतो. क्रम नीट बघा: आधी पाहुणा आला, मग वही उघडली. चांगलं वागून तारण कमावता येत नाही, ते कृपेनंच. पण पाहुणा खरंच घरात आला असेल तर वहीला हात लागतोच.

आता आपली वही. कापूस वेचणीच्या दिवसांत संध्याकाळी धुऱ्यावरच्या, म्हणजे बांधावरच्या, बाभळीला वजनकाटा टांगतात. बाया एकेक गाठोडं लावतात आणि मालक आकडा सांगतो. वरचं पाव-अर्धा किलो सोडून द्यायची रीत बऱ्याच ठिकाणी आहे, कुणी बोलत नाही. आमची आई काट्याजवळ उभी राहून म्हणायची, "वरचं बी लिहा. तिचं खाल्लं तं राती प्रार्थना कोन्या तोंडानं करू?" अनुवाद २४ मध्ये तर मजुराची मजुरी सूर्य मावळायच्या आत द्यायला सांगितलंय. आपल्याकडे मजुरीचा चुकारा बाजाराच्या दिवशी होतो, ठरलेलं असेल तर हरकत नाही. पण "जिनिंगवाल्यानं पैसे दिले की बघू" म्हणत दोन बाजार काढायचे आणि रविवारी पुढच्या रांगेत बसायचं, हे मला पटत नाही.

त्याहून अवघड भावाभावातला धुऱ्याचा वाद. मत्तय ५ मध्ये येशू सांगतो, वेदीपाशी अर्पण आणलंस आणि भावाचं तुझ्याविरुद्ध काही आहे हे आठवलं, तर अर्पण तिथंच ठेव, आधी समेट कर. जमिनीची मोजणी आणायची तर आणा, पण त्याआधी एकदा त्याच्या ओट्यावर जाऊन बसा. तो बोलेलच असं नाही.

प्रार्थनेचं म्हणाल तर लांबलचक, पुस्तकी नको. मोटर चालू करताना, पाणी देताना, आपल्या वऱ्हाडीत दोन वाक्यं बोला. पाऊस दडी मारतो तेव्हा चिडूनही बोला. स्तोत्रांमध्ये तसं रडणं-भांडणं भरपूर आहे.

आणि आतून लगेच काही पेटत नाही म्हणून घाबरू नका. ख्रिस्ती झालेले मराठी कवी नारायण वामन टिळक यांना नागपूरहून राजनांदगावला जाताना आगगाडीत एका अनोळखी साहेबानं नवा करार दिला, साल १८९३. त्यातलं येशूचं डोंगरावरचं प्रवचन वाचून ते हलले, तरी बाप्तिस्मा झाला तो फेब्रुवारी १८९५ मध्ये. मधला काळ वाचन आणि विचारातच गेला.

तुम्ही मार्कच्या शुभवर्तमानापासून सुरू करा. १६च अध्याय आहेत, रोज जेवणाआधी घरात अर्धा अध्याय मोठ्यानं वाचला तरी साधारण महिन्याभरात मार्क संपतो. पोरांना वाचायला लावा, ते अडखळले तर अडखळू द्या. कुठं अर्थ लागला नाही तर पाळकसाहेबांना विचारा, नाहीतर इथंच लिहा.